यंत्रात बसलेला हेर



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर आणि अर्थकारणावर बोलणारी विद्वान मंडळी मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. बहुधा मागच्या रांगेत बसून, आणि रात्रपाळी करून आलो असलो तर मंडपाच्या खांबाला टेकून. माझे शालेय शिक्षण नववीत संपले. वडील मुंबईच्या गिरणीत साचे चालवीत. १९८२ चा संप झाला, गिरणी पुन्हा सुरू झाली ती आमच्यासाठी नव्हे, आणि आम्ही वळकटी व भांडी घेऊन या गावी आलो. मी यंत्रमागावर कांड्या भरल्या, पुढे माग चालवले, आणि गेली पंचवीसेक वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहे. जे काही वाचले ते आपल्या नगर वाचनालयाच्या कृपेने.

तेव्हा संगणकातील हेरावर बोलण्यासाठी एखाद्या इंजिनिअरला न बोलावता मला का बोलावले, असे मी चिटणिसांना विचारले. ते म्हणाले, "हेर कसा बनवतात हे इंजिनिअर सांगेल. तुम्ही त्याच्या हातून फसलेले आहात. माणूस फसतो कसा हे तुम्ही सांगा." हे प्रशस्तिपत्र मोठे गौरवाचे नसले तरी खरे आहे. म्हणून मी आलो.

प्रथम फसलो कसा ते सांगतो.

गोष्ट २००९ सालची. गावाबाहेरच्या एका कारखान्यात आम्ही संघटना बांधीत होतो. मालकाचे नाव मी घेणार नाही, आणि का घेणार नाही तेही पुढे सांगेन. बेचाळीस कामगारांनी सभासद होण्याची तयारी दाखवली होती. अशा वेळी नावे गुप्त ठेवावी लागतात, हे संघटनेच्या कामात वावरलेल्या कोणालाही सांगायला नको. आमच्या कचेरीत तेव्हा एक जुना संगणक नुकताच आला होता. वहीत यादी ठेवली तर कोणाच्या तरी हाती पडेल म्हणून ती मी स्वतः त्या संगणकावर टाइप केली आणि वहीची पाने फाडून चुलीत घातली. फार मोठी दक्षता घेतली असे मला वाटले. आठ-दहा दिवसांनी यादीतल्या अकरा माणसांना एकाच सकाळी फाटकावर अडवले. ते अकराही जण या बांधणीतले खंदे होते.

यादी चौघांनाच ठाऊक होती. त्यांत एक वयस्क कार्यकर्ते होते, त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. त्या आठवड्यात मामांना कोणीतरी त्या कारखान्याच्या मुकादमाबरोबर चहा घेताना पाहिले होते. एवढा पुरावा आम्हांला पुरला. रात्री बैठक झाली. मी स्वतः त्यांना उभे करून प्रश्न विचारले. मामा एवढेच म्हणाले की मुकादम त्यांचा साडू लागतो आणि घरात लग्न आहे. आम्ही त्यावर हसलो. दुसऱ्या दिवशीपासून मामा कचेरीत आले नाहीत.

सात महिन्यांनी तो संगणक फारच मंद चालू लागला म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानातला मुलगा विशीतला असेल. त्याने सायंकाळी मला बोलावून दाखवले. आतमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम बसलेला होता. कीबोर्डवर जी कळ दाबली जाईल ती तो एका दडवलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवी आणि इंटरनेट जोडले की ती फाइल एका ई-मेल पत्त्यावर पाठवून देई. तो आला होता मराठी टाइप करण्याच्या एका फुकट सीडीमधून, जी हातोहाती फिरत आमच्यापर्यंत आली होती. तिच्यात तो कोणी घातला, मुद्दाम आमच्यासाठी घातला की सगळ्यांसाठी, हे शेवटपर्यंत कळले नाही. त्या पत्त्याचा मागही लागला नाही. जे सिद्ध करता येत नाही ते पुन्हा बोलायचे नाही असे मी त्या दिवशी ठरवले, म्हणून मालकाचे नाव घेत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. यादी बाहेर जायला कोणा माणसाने फुटण्याची गरज नव्हती.

आता या प्रकरणातून मी जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

अशा प्रोग्रॅमला स्पायवेअर म्हणतात. लोक सरसकट सगळ्यालाच व्हायरस म्हणतात. पण भेद लक्षात घ्या. नासधूस करणारा व्हायरस हा सभेत दगडफेक करणाऱ्या गुंडासारखा असतो. तो आला हे सगळ्यांना कळते. स्पायवेअर हा त्याच सभेत मागच्या बाकावर बसून, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवीत, कोण कोण आले त्यांची नावे टिपून घेणारा सज्जन असतो. तुमचे काम बंद पडू नये अशीच त्याची इच्छा असते, कारण तुमचे काम चालले तरच त्याचे चालते. कोणी दाबलेल्या कळा टिपतो, कोणी पडद्याची छायाचित्रे घेतो, कोणी साठवलेले पासवर्ड उचलतो, कोणी कॅमेरा व ध्वनिग्राहक चालू करतो, तर कोणी तुम्ही कोणत्या दुकानाच्या पानावर किती वेळ थांबलात एवढेच जाहिरातदारांना कळवतो. चोरीची जात एकच, मापे निरनिराळी.

हेरगिरी ही काही आजची विद्या नव्हे. शिवछत्रपतींच्या बहिर्जी नाइकांचे नाव इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्रींनी प्रसिद्ध केले. त्याचे मराठी भाषांतर मी वाचनालयात बसून वाचले. त्यात एका ठिकाणी राहून काम करणाऱ्या हेरांचे पाच वेश सांगितले आहेत : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस. म्हणजे लबाड विद्यार्थी, संन्यास सोडलेला, शेतकरी गृहस्थ, व्यापारी आणि तपस्वी. मौज अशी की संगणकात शिरणाऱ्या हेराचे वेशही जवळजवळ हेच आहेत. चारांची ओळख करून देतो.

पहिला व्यापारी. हा माल फुकट देतो. हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट मिळते, चित्रपट फुकट मिळतो, खेळ फुकट मिळतो. आमची सीडी याच दुकानची. जो माणूस दुसऱ्याच्या मालाचे कुलूप तोडून तुम्हांला देतो, तो तुमचे कुलूप मात्र जपेल, असे आपण कशाच्या भरवशावर धरून चालतो? आणि हा व्यापारी नेहमी चोरबाजारातच बसलेला असतो असेही नाही. २००५ साली सोनी बीएमजी या नामांकित कंपनीच्या गाण्यांच्या कित्येक सीडी संगणकात घातल्या की गाण्याबरोबर एक प्रोग्रॅम गुपचूप आत बसे आणि स्वतःला दडवून घेई. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्या ऑक्टोबरअखेर हे उघडकीस आणले, ओरड झाली, खटले झाले आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. ज्यांनी पैसे मोजून गाणी विकत घेतली त्यांच्याच घरात हा प्रकार झाला.

दुसरा गृहस्थ. हा ओळखीच्या चेहऱ्याने येतो. २०२४ च्या लग्नसराईत लोकांच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आल्या. पत्रिका म्हणून जी फाइल आली तिच्या नावाचा शेवट एपीके असा होता. एपीके म्हणजे कागद नव्हे, चित्र नव्हे. तो अँड्रॉइड फोनवर बसवायचा प्रोग्रॅम. तो बसवला की फोनवर येणारे संदेश, त्यांत बँकेचा ओटीपीही आला, परस्पर दुसरीकडे जाऊ लागे. वाहतूक दंडाच्या चलानाच्या नावानेही अशा फाइली फिरल्या. पोलिसांनी ठिकठिकाणी इशारे दिले. पत्रिका तुमच्या मेव्हण्याच्या क्रमांकावरून आली म्हणून ती मेव्हण्यानेच पाठवली असे होत नाही; त्याचा फोन आधी गेलेला असू शकतो. लग्न आहे का, हे त्याला फोन करून विचारा. नात्याला तेवढीच ऊब येईल.

तिसरा तपस्वी. हा तुमचे भविष्य सांगतो. पडद्यावर एकाएकी लाल चौकट उघडते : "तुमच्या संगणकात सतरा व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब येथे दाबा." तुमच्या संगणकात काय आहे हे एखाद्या वेबपानाला असे कळतच नाही. तो अंगारा घेतला की आजार सुरू होतो.

चौथा कापटिक. हा सेवेला म्हणून येतो. "बँकेतून बोलतो, तुमचे खाते बंद होणार आहे, मी सांगतो ते ॲप घ्या म्हणजे इथूनच दुरुस्त करतो." दुरून दुसऱ्याचा पडदा पाहता येणारी ॲप्स असतात, दुरुस्तीच्या प्रामाणिक कामासाठी ती बनवलेली आहेत. अशाच एका ॲपचा लबाडीसाठी उपयोग होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला होता. चावी चांगली असली तरी ती कोणाच्या हाती द्यायची हे आपण ठरवायचे असते.

इथे आपल्यापैकी काहींना वाटेल, आमच्यासारख्या साध्या माणसांवर कोण पाळत ठेवणार? साध्या माणसाच्या बँकखात्यासाठी चोर पुरेसे आहेत. आणि बोलणाऱ्या माणसासाठी मोठे हेरही आहेत. इस्राएलमधील एनएसओ कंपनीचे पेगासस हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. २०१६ साली संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना तुरुंगातील छळाची गुप्त माहिती देतो असे सांगणारा संदेश आला, खाली एक दुवा होता. मन्सूर यांनी तो उघडला नाही. तो त्यांनी कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवला. तज्ज्ञांनी आतला हेर शोधला, आणि ॲपलने त्याच ऑगस्टमध्ये जगभरच्या आयफोनना दुरुस्ती पाठवली. एका माणसाने बोट आवरले आणि कोट्यवधी लोकांचा फायदा झाला.

परंतु २०१९ साली याच पेगाससने व्हॉट्सॲपच्या नुसत्या कॉलमधून शिरकाव केला. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. सुमारे १,४०० लोकांना लक्ष्य केल्याचे व्हॉट्सॲपने सांगितले, त्यांत भारतातील पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत काहीतरी घातक आढळले, पण ते पेगाससच होते असे निश्चित सांगता येत नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. काही हेरांपुढे नागरिकाची एकट्याची दक्षता अपुरी पडते, तिथे कायदा आणि न्यायालय लागते, एवढे ध्यानात यावे म्हणून सांगतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. हक्क कागदावर आला म्हणजे घरी आला असे मात्र आम्ही कामगार कधी समजत नाही.

आता उपाय. मी इंजिनिअर नाही, म्हणून घरोघर करता येतील तेच सांगतो.

एक : दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्या. फोन किंवा संगणक "अपडेट करू का" असे विचारतो तेव्हा आपण "नंतर" दाबतो. हेर बहुधा जुन्या भोकांतून शिरतो, आणि अपडेट म्हणजे ती भोके बुजवणे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्याकडे तो संगणक आहे त्यांनी पुढची व्यवस्था पाहावी. बुजवणारा गवंडी गेला तरी उंदीर जात नाहीत.

दोन : माल मूळ दुकानातून घ्या. प्रोग्रॅम ज्याने बनवला त्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा फोनच्या अधिकृत दुकानातून घ्यावा. पैसे नसतील तर लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांसारखे उघडपणे व कायदेशीर रीतीने मोफत वाटलेले प्रोग्रॅम आहेत. आमची कचेरी आज त्यांवरच चालते आणि मराठी उत्तम टाइप होते.

तीन : पहारेकरी एकच ठेवा, पण जागा ठेवा. अलीकडच्या विंडोजमध्ये डिफेंडर हा पहारेकरी आतच असतो. तो बंद करू नका. दुसरा हवा तर जरूर विकत घ्या. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी क्विक हील हा पहारेकरी याच महाराष्ट्रात घडवला. मी कोणाची जाहिरात करीत नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसानेही या विद्येत हात घातला, हे ऐकून माझ्यासारख्याची छाती फुगते एवढेच. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातही सफाईची साधने मोफत मिळतात.

चार : रोजच्या कामासाठी साधे खाते वापरा. संगणकात मालकाचे खाते वेगळे आणि वापरणाऱ्याचे वेगळे करता येते. साध्या खात्यातून नवा प्रोग्रॅम बसवायचा तर संगणक बहुधा मालकाचा पासवर्ड मागतो. तेवढ्यात माणूस थांबतो आणि विचार करतो. त्या एका क्षणाची किंमत मोठी आहे.

पाच : फोनमधल्या परवानग्या पाहा. विजेरीच्या ॲपला तुमचे संदेश वाचायला कशाला हवेत? अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाची एक परवानगी आहे. ती अंध-अपंगांच्या सोयीसाठी आहे, पण ती मिळाली की ॲप तुमचा सारा पडदा वाचू शकते. अनोळखी ॲपने ती मागितली तर ते ॲपच काढून टाका.

सहा : फोनला कुलूप लावा. काही हेर दुरून येत नाहीत. फोन पाच मिनिटे हातात घेणारा घरचाच माणूस तो बसवतो. बायकोवर, मुलीवर अशी पाळत ठेवणारे पुरुष आहेत. भगिनींनो, हे प्रेम नव्हे. परवानगीवाचून लबाडीने दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र असा हेर सापडला तर त्याच फोनवरून मदत मागू नका. दुसऱ्या विश्वासू फोनवरून मागा.

सात : फसलोच तर? प्रथम इंटरनेट तोडा. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येणे हे तासांवर अवलंबून असते. तक्रार होईपर्यंत पुरावा पुसू नका. त्यानंतर संगणक कोरा करून नव्याने भरून घ्या. आणि लाज बाळगू नका. लाजेमुळे गप्प बसलेला माणूस हा त्या चोराचा सर्वांत विश्वासू साथीदार होय.

माझ्या धंद्याला धरून एक गोष्ट सांगायलाच हवी. मालकाने दिलेल्या संगणकावर पाहण्याची सोय मालक ठेवू शकतो, असे समजूनच वागा. त्यावर स्वतःची बँक उघडू नका, संघटनेचा पत्रव्यवहार करू नका. पण ही पाळत अमर्याद असावी असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बार्कलेज बँकेने कर्मचारी जागेवर किती वेळ असतात हे टिपणारा प्रोग्रॅम लावला. कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला आणि बँकेला तो मागे घ्यावा लागला. १९३६ साली अमेरिकेत सिनेटर ला फॉलेट यांच्या समितीने कामगार संघटनांत पेरलेल्या हेरांची जाहीर चौकशी केली, तेव्हा त्यांतले काही संघटनांचे पदाधिकारी झालेले आढळले. तेव्हा हेराला पगार द्यावा लागे आणि त्याला भीतीही असे. आजच्या हेराला दोन्ही नाही. म्हणून कामाच्या जागी काय पाहिले जाते, किती दिवस ठेवले जाते आणि कोणाला दाखवले जाते हे आधी लेखी सांगा, ही मागणी बोनसाच्या मागणीइतक्याच ठामपणे करायला आम्ही शिकले पाहिजे.

शेवटी मामांकडे येतो. दुरुस्तीच्या दुकानातून मी सरळ त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी सारे सांगितले आणि हात जोडले. मामांनी चहा मागवला. चहा होईपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, माणसावर संशय घ्यायला तुम्हांला एक रात्र पुरली. यंत्रावर घ्यायला सात महिने लागले."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ते कचेरीत पुन्हा आले, पण पूर्वीसारखे बसले नाहीत. फाटकावर अडवलेल्या अकरांपैकी सहा जणांना पुढे कामावर घेतले गेले. पाच जणांनी गाव सोडले. हे सारे एका फुकट सीडीमुळे झाले असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण सीडीने यादी नेली असेल. मामांना उभे मी केले होते.

म्हणून, बंधुभगिनींनो, आपली यंत्रे जरूर तपासा. घरी गेल्यावर आजच तपासा. त्याचबरोबर, एखादी गुप्त गोष्ट फुटली की जवळच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एक दिवस थांबा आणि त्या संगणकाकडे पाहा. यंत्र कोरे करून नव्याने भरता येते. माणसाच्या बाबतीत तशी सोय नाही.